विश्लेषण : डोळ्याचा सुटलेला पडदा पुन्हा चिकटवता येतो, हे ज्यूल गोनँ यांनी कसे सिद्ध केले?

डोळ्यांसमोर अचानक काळे ठिपके तरंगू लागतात, अंधारातही वीज चमकल्यासारखे भासते आणि मग नजरेच्या एका कडेने काळी सावली पसरत जाते. डोळ्याचा पडदा, म्हणजेच दृष्टिपटल, सुटल्याची ही लक्षणे. आज अशा रुग्णासाठी शस्त्रक्रियेचे किमान तीन पर्याय उपलब्ध आहेत आणि बहुतांश रुग्णांचा पडदा पुन्हा जागेवर बसतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र हे निदान झाले की तो डोळा गेला असेच समजले जाई. स्वित्झर्लंडमधील नेत्रतज्ज्ञ ज्यूल गोनँ (१८७०-१९३५) यांनी हे चित्र पालटले. त्यांची शस्त्रक्रिया आज कोणीही करत नाही. मात्र त्यांनी सांगितलेल्या एका तत्त्वाशिवाय आजची एकही शस्त्रक्रिया यशस्वी होत नाही. ते तत्त्व कोणते, ते मान्य व्हायला इतकी वर्षे का लागली आणि आजच्या पद्धतींची तुलना त्या आधारे कशी करायची, याविषयी...

दृष्टिपटल सुटते म्हणजे काय होते?

डोळ्याच्या आतील मागच्या भिंतीवर दृष्टिपटलाचा अत्यंत पातळ थर असतो. प्रकाशाचे रूपांतर संदेशात करून तो मेंदूकडे पाठवण्याचे काम हा थर करतो. त्याच्या मागे रक्तवाहिन्यांचा थर असतो आणि प्रकाश टिपणाऱ्या पेशींना प्राणवायू व पोषण तिथूनच मिळते. दृष्टिपटल या थराला डिंकाने चिकटवल्यासारखे घट्ट बसलेले नसते. मधल्या पेशी पंपासारखे सतत पाणी शोषून घेत असतात, त्यामुळे ते जागेवर राहते.

डोळ्याच्या पोकळीत जेलीसारखा पारदर्शक काचाभ द्रव असतो. वय वाढते तशी ही जेली पातळ होते, आक्रसते आणि पडद्यापासून सुटी होते. बहुतेकांमध्ये हे विनासायास होते. काही जणांमध्ये मात्र जेली एखाद्या ठिकाणी पडद्याला घट्ट चिकटलेली असते. तिथे ताण पडला की पडदा फाटतो. या छिद्रातून पातळ झालेला द्रव पडद्यामागे शिरू लागतो. पंपाची क्षमता अपुरी पडली की पडदा भिंतीपासून सुटतो आणि प्रकाश टिपणाऱ्या पेशींचे पोषण थांबते. जाड चष्म्याचे मायनस नंबर असलेले, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले आणि डोळ्याला मार लागलेले यांच्यात हा धोका अधिक असतो. दरवर्षी साधारण दहा हजारांत एकाला हा आजार होतो.

गोनँ यांच्यापूर्वी उपचार काय होते?

हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१मध्ये ऑप्थॅल्मोस्कोप तयार केला आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा आतला भाग प्रथमच स्पष्ट दिसू लागला. सुटलेला पडदा दिसू लागला, दोनच वर्षांत त्यावरील छिद्राचीही नोंद झाली. निदान अचूक होऊ लागले, पण उपचार मिळाला नाही.

पडद्यामागे पाणी साचलेले दिसत होते, त्यामुळे बहुतेक उपचारांचा रोख पाण्यावरच होता. डोळ्याला बाहेरून भोक पाडून पाणी काढले जाई. रुग्णाला घाम आणणारी औषधे दिली जात. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून आठवडेच्या आठवडे उताणे झोपवले जाई. डोळ्यात आयोडिन टोचण्याचे, प्राण्यांच्या डोळ्यातील काचाभ द्रव सोडण्याचे प्रयोगही झाले. काहींनी डोळ्याच्या बाहेरील पांढऱ्या आवरणाची पट्टी कापून डोळाच आखूड करून पाहिला. पाणी काढल्यावर पडदा कधी कधी खरोखर जागेवर येई, पण काही दिवसांत पुन्हा सुटे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या आजारातून कायमचे बरे होण्याचे प्रमाण हजारात एखादा असे मानले जाई. अनेक नामवंत सर्जन अशा रुग्णाला हातच लावू नये या मताचे होते.

ज्यूल गोनँ कोण होते?

आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे मुख्यालय म्हणून आज ओळखल्या जाणाऱ्या लोझान शहरात गोनँ यांचा जन्म १० ऑगस्ट १८७० रोजी झाला. वैद्यकीय शिक्षण तिथेच झाले. नेत्रशास्त्राकडे वळण्यापूर्वी त्यांनी विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केले. ऊतींचे पातळ काप करून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची शिस्त त्यांना तिथे लागली आणि पुढच्या साऱ्या वाटचालीत ती उपयोगी पडली.

लोझानमध्ये १८४३पासून अंधांसाठीचे एक आश्रयस्थान आणि त्याला जोडून नेत्ररुग्णालय होते. तिथले मार्क द्यूफूर हे त्या काळातील नावाजलेले नेत्रतज्ज्ञ. त्यांच्या हाताखाली गोनँ तयार झाले. एकाच आवारात एकीकडे डोळे वाचवण्याचे प्रयत्न आणि दुसरीकडे दृष्टी कायमची गमावलेल्यांचा निवारा, असे ते ठिकाण होते. पडदा सुटलेल्या रुग्णाचा प्रवास पहिल्या इमारतीकडून दुसऱ्या इमारतीकडे होतो, हे तिथल्या डॉक्टरांना रोज दिसत असणार.

पुढे गोनँ लोझान विद्यापीठात नेत्रशास्त्राचे प्राध्यापक झाले. पॅरिस, व्हिएन्ना, बर्लिन ही तेव्हाची वैद्यकशास्त्राची मोठी केंद्रे. त्या तुलनेत लोझान लहान. गोनँ यांनी आपले काम तिथेच केले आणि शेवटपर्यंत ते शहर सोडले नाही.

कारण की परिणाम, वाद नेमका काय होता?

पडद्यावर छिद्र असते, ही गोनँ यांची नवी माहिती नव्हती. जर्मनीतील थिओडोर लेबर यांच्यासारख्या अभ्यासकांनी छिद्रांकडे आधीच लक्ष वेधले होते. प्रश्न होता छिद्राच्या भूमिकेचा. बहुसंख्य तज्ज्ञांच्या मते पडद्यामागील थरातून पाणी पाझरते, पडदा फुगतो आणि ताणामुळे मग फाटतो. म्हणजे छिद्र हा परिणाम. शिवाय अनेक रुग्णांत छिद्र सापडतच नाही, मग ते कारण कसे असेल, असाही युक्तिवाद होता.

गोनँ यांनी काढून टाकलेल्या डोळ्यांचे सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने परीक्षण केले आणि १९०४मध्ये आपले निष्कर्ष मांडले. काचाभ द्रवाची ओढ जिथे पडते तिथेच पडदा फाटतो, हे त्यांना दिसले. आधी ओढ, मग छिद्र, मग छिद्रातून शिरलेला द्रव आणि शेवटी सुटलेला पडदा असा क्रम त्यांनी लावला. छिद्र हे कारण ठरले.

हा फरक केवळ पुस्तकी नव्हता. छिद्र परिणाम असेल तर त्याकडे दुर्लक्ष केले तरी चालते. ते कारण असेल तर पाणी कितीही वेळा काढा, छिद्र उघडे असेपर्यंत ते पुन्हा भरणारच. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखाच तो प्रकार. आधीचे उपचार का फसत होते, याचे उत्तर या मांडणीत होते. मात्र सिद्धांत मांडणे आणि जिवंत डोळ्यातील मिलिमीटरभराचे छिद्र बंद करणे यांत अंतर होते. ते कापायला गोनँ यांना आणखी दशकभराहून अधिक काळ लागला.

तापलेल्या टोकाची शस्त्रक्रिया कशी होत असे?

पहिल्या महायुद्धाच्या आसपासच्या वर्षांत गोनँ यांनी छिद्र शोधून ते डागून बंद करण्याची पद्धत विकसित केली. ती इग्निपंक्चर, म्हणजे अग्नीने केलेला छेद, या नावाने ओळखली जाते.

यातील खरी कसोटी डागण्याची नव्हती, छिद्राची जागा ठरवण्याची होती. ऑप्थॅल्मोस्कोपमधून छिद्र डोळ्याच्या आतून दिसते, शस्त्र मात्र बाहेरून चालवायचे असते. बाहेरून डोळा म्हणजे अपारदर्शक पांढरा चेंडू. पृथ्वीच्या गोलावरील ठिकाण अक्षांश-रेखांशांनी सांगतात, तसेच दोन आकडे गोनँ यांनी वापरले. छिद्र घड्याळाच्या कोणत्या काट्याच्या दिशेला आहे, हा पहिला. ते पडद्याच्या कडेपासून किती आत आहे, हा दुसरा. दुसरे अंतर मोजायला आत पट्टी नव्हती. त्यामुळे डोळ्यात दिसणारी दृष्टिचेतेची चकती, जिचा व्यास सुमारे दीड मिलिमीटर असतो, तीच मोजमापाचे एकक ठरली. छिद्र कडेपासून किती चकत्या दूर आहे याचा अंदाज घ्यायचा, त्याचे मिलिमीटर करायचे आणि त्यावरून डोळ्यावर बाहेरून खूण करायची. अवघ्या २४ मिलिमीटर व्यासाच्या गोलावर दोन मिलिमीटरची चूक झाली तरी डाग भलतीकडेच बसे.

खूण झाली की डोळ्याच्या पांढऱ्या आवरणाला छोटा छेद दिला जाई. साचलेले पाणी बाहेर पडे आणि पडदा भिंतीजवळ येई. मग पाकलँ यांच्या थर्मोकॉटरीचे लालबुंद तापवलेले प्लॅटिनमचे टोक त्या छेदातून दोन-तीन सेकंद आत धरले जाई. भाजलेल्या जागी व्रण तयार होऊन छिद्राच्या कडा भिंतीला चिकटत. त्यानंतर डोळ्यांवर पट्टी आणि पूर्ण विश्रांती.

ऐकताना ही पद्धत आधीच्या प्रयोगांइतकीच रांगडी वाटते. फरक इतकाच की याआधीचे सर्जन डोळ्यावर कुठे तरी भोक पाडत होते, गोनँ ते नेमके छिद्रावर पाडत होते. त्यासाठी शस्त्रक्रियेच्या आधी पडद्याचा कानाकोपरा पुन्हा पुन्हा तपासून छिद्राचा नकाशा काढण्यावर त्यांचा भर असे. एक छिद्र सापडले म्हणून थांबायचे नाही, दुसरे आहे का तेही पाहायचे, हा त्यांचा दंडक होता.

विरोध का झाला?

गोनँ यांनी १९२०च्या सुमारास आपले अनुभव वैद्यकीय सभांमध्ये मांडायला सुरुवात केली, तेव्हा स्वागत थंड झाले. याला काही कारणे होती. असाध्य आजारावर उपाय सापडल्याचे दावे तोवर अनेकदा झाले होते आणि ते टिकले नव्हते. काही रुग्णांचा पडदा क्वचित आपोआपही बसत असे, त्यामुळे दोन-चार यशस्वी रुग्णांवरून निष्कर्ष काढता येत नाही, हा आक्षेप अगदीच गैर नव्हता. जिवंत डोळ्यात तापलेले धातूचे टोक घालणे धोक्याचे होते, रक्तस्राव होऊन डोळा पूर्णच जाण्याची शक्यता होती.

तिसरे कारण अधिक गुंतागुंतीचे होते. इतरांनी ही शस्त्रक्रिया करून पाहिली, ती फसली आणि दोष पद्धतीला दिला गेला. प्रत्यक्षात त्यांना छिद्र सापडलेलेच नसे, किंवा सापडूनही जागा चुकलेली असे. छिद्र शोधायला लागणारा वेळ आणि कौशल्य अंगी असल्याखेरीज पद्धत यशस्वी होत नव्हती. आणि छिद्र महत्त्वाचे आहे हे पटल्याखेरीज तितका वेळ कोणी देत नव्हते. हे चक्र मोडायला जवळपास दहा वर्षे गेली. तोवर गोनँ यांनी एकेक रुग्ण नोंदवत, यशासोबत अपयशाचीही कारणे देत, आपली आकडेवारी वाढवत नेली.

ॲमस्टरडॅममध्ये काय घडले?

निर्णायक वळण आले ते १९२९मध्ये ॲमस्टरडॅमला भरलेल्या आंतरराष्ट्रीय नेत्रशास्त्र परिषदेत. तोपर्यंत लोझानला जाऊन गोनँ यांचे काम प्रत्यक्ष पाहिलेले सर्जन तयार झाले होते. बार्सिलोनाचे हेर्मेनेहिल्दो आरुगा, नेदरलँड्सचे हेन्री वेव्हे आणि गोनँ यांचेच सहकारी मार्क आम्सलर ही त्यांतील महत्त्वाची नावे. निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या हातांनी केलेल्या शस्त्रक्रियांचे निकाल गोनँ यांच्या निष्कर्षांशी जुळत होते. एका सर्जनचे कसब म्हणून आता ते बाजूला सारता येणार नव्हते.

यशाचे प्रमाण साधारण निम्म्या रुग्णांपर्यंत पोहोचले होते. हजारात एक ते दोनात एक, एवढी ही झेप होती. त्यानंतरच्या काही वर्षांत लोझानकडे जगभरातून नेत्रतज्ज्ञ येऊ लागले. १९३४मध्ये गोनँ यांनी आपल्या कामाचे सार फ्रेंच भाषेतील एका विस्तृत ग्रंथात मांडले. पुढच्याच वर्षी, १९३५मध्ये, वयाच्या ६४व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मान्यता मिळाल्यानंतर त्यांना जेमतेम सहा वर्षे लाभली.

त्यांच्यानंतर लोझानची धुरा आम्सलर यांच्याकडे आली. मधुमेह किंवा वाढत्या वयामुळे पडद्याचा मध्यभाग बिघडला आहे का, हे घरच्या घरी पाहण्यासाठी दिला जाणारा चौकटींचा तक्ता आजही आम्सलर यांच्याच नावाने ओळखला जातो.

गोनँ यांची पद्धत मागे का पडली?

गोनँ हयात असतानाच त्यांच्या तापलेल्या टोकाला पर्याय येऊ लागले होते. ते टोक आतील ऊती जास्तच भाजत असे. छेदातून काचाभ द्रव बाहेर येण्याचा धोका होता. अनेक छिद्रे असतील तर प्रत्येक ठिकाणी डोळा उघडणे कठीण. १९३०च्या सुमारास विद्युतप्रवाहाने ऊती तापवणारी डायथर्मी आली आणि डोळ्याच्या आवरणावर बाहेरूनच अनेक ठिकाणी सौम्य डाग देता येऊ लागले. वेव्हे हे तिच्या पुरस्कर्त्यांपैकी एक. पुढे गोठवून व्रण तयार करणारी क्रायोथेरपी आली.

जर्मनीतील गेर्ड मायर-श्विकराट यांनी ग्रहण पाहताना पडदा भाजलेल्या रुग्णावरून कल्पना घेऊन १९४९च्या सुमारास थेट सूर्यप्रकाश डोळ्यात एकवटून डाग देण्याचे प्रयोग केले. लेझर उपचारांचा पाया तिथे घातला गेला. आज पडदा फाटला आहे पण अजून सुटलेला नाही, अशा टप्प्यावर रुग्ण आला तर छिद्राभोवती लेझरचे ठिपके देऊन शस्त्रक्रिया टाळता येते. साधन बदलत गेले, काम मात्र गोनँ यांनी सांगितलेलेच राहिले. छिद्र शोधा आणि त्याच्या कडा चिकटवा.

बाहेरून आधार देणारे बकल म्हणजे काय?

व्रण चिकटायला एक-दोन आठवडे लागतात. तोवर पडदा आणि भिंत एकमेकांना टेकलेली राहायला हवीत. आजच्या तिन्ही पद्धती वेगळ्या ठरतात त्या हे कसे साधले जाते यावरून.

पहिली पद्धत बाहेरून भिंत आत ढकलण्याची. जर्मनीतील एर्न्स्ट कुस्टोडिस यांनी १९४९मध्ये आणि मूळचे बेल्जियमचे, नंतर अमेरिकेत बोस्टनला स्थायिक झालेले चार्ल्स शेपेन्स यांनी १९५१पासून ती रुजवली. छिद्राच्या जागी डोळ्याच्या पांढऱ्या आवरणावर बाहेरून सिलिकॉनचा तुकडा किंवा पट्टा टाके घालून बसवतात. त्याच्या दाबाने भिंत आत येते, छिद्राला टेकते आणि काचाभ द्रवाची ओढही सैल होते. याला स्क्लेरल बकल म्हणतात.

शेपेन्स यांचे दुसरे योगदान तितकेच मोठे. दोन्ही डोळ्यांनी पाहता येणारा, डोक्यावर बांधायचा ऑप्थॅल्मोस्कोप त्यांनी तयार केला. पडद्याची अगदी कड खोलीच्या अंदाजासह दिसू लागली आणि हात मोकळे राहिले. गोनँ यांच्या काळात जी छिद्रे निसटत होती ती आता सापडू लागली. चेन्नईच्या शंकर नेत्रालयाचे संस्थापक डॉ. एस. एस. बद्रीनाथ यांनी बोस्टनमध्ये शेपेन्स यांच्याकडेच प्रशिक्षण घेतले होते. भारतातील पडद्याच्या शस्त्रक्रियांची एक परंपरा अशी थेट या साखळीशी जोडलेली आहे.

डोळ्याच्या आत शिरणारी विट्रेक्टॉमी कशी आली?

काचाभ द्रव कापून काढता येईल, ही कल्पनाच १९६०च्या दशकापर्यंत धोक्याची मानली जाई. मायामीत काम करणाऱ्या रॉबर्ट माखेमर यांनी १९७०मध्ये ती बंद डोळ्यात करून दाखवली. एकाच नळीतून कापणे, शोषणे आणि बाहेरून पाणी सोडून डोळ्याचा आकार टिकवणे ही कामे करणारे यंत्र त्यासाठी लागले. त्याच्या सुरुवातीच्या चाचण्या अंड्याच्या पांढऱ्या बलकावर झाल्या होत्या.

आज ही शस्त्रक्रिया अर्ध्या मिलिमीटरच्या किंवा त्याहून बारीक छेदांतून, अनेकदा टाक्यांशिवाय होते. ओढणारी जेलीच काढून टाकली जाते, पडदा आतून जागेवर बसवला जातो, छिद्राभोवती लेझर दिला जातो आणि आधारासाठी डोळ्यात गॅस किंवा सिलिकॉन ऑइल भरले जाते. गॅस काही दिवस ते काही आठवड्यांत आपोआप विरतो. ऑइल बहुधा दुसऱ्या शस्त्रक्रियेने काढावे लागते.

केवळ गॅसच्या बुडबुड्याने काम होते का?

निवडक रुग्णांत होते. अमेरिकेतील जॉर्ज हिल्टन आणि सँडरसन ग्रिझार्ड यांनी १९८६मध्ये मांडलेल्या न्यूमॅटिक रेटिनोपेक्सीत डोळ्यात फक्त गॅसचा बुडबुडा टोचला जातो. बुडबुडा वर तरंगतो, म्हणून छिद्र वरच्या बाजूला येईल अशा स्थितीत रुग्णाने डोके ठेवायचे. बुडबुडा छिद्र बंद करतो, आतील पंप साचलेले पाणी शोषून घेतो आणि कडा लेझर किंवा क्रायोने चिकटवल्या जातात. शस्त्रक्रियागृहाची गरज पडतेच असे नाही, खर्चही कमी. मात्र छिद्र पडद्याच्या वरच्या भागात हवे आणि रुग्णाने दिवसरात्र ठरलेल्या स्थितीत मान ठेवायला हवी.

मग सरस पद्धत कोणती?

याचे एकच उत्तर नाही, हे मोठ्या चाचण्यांतून पुढे आले आहे. युरोपातील ६८१ रुग्णांवरील एका चाचणीचे निष्कर्ष २००७मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मध्यम गुंतागुंतीच्या रुग्णांमध्ये बकल आणि विट्रेक्टॉमी यांची तुलना होती. ज्यांचे नैसर्गिक भिंग शाबूत होते त्यांच्यात बकलनंतर दृष्टी अधिक सुधारली. ज्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली होती त्यांच्यात पुढे पडद्यावर कोणताही उपचार न लागता पडदा टिकण्याचे प्रमाण विट्रेक्टॉमीनंतर ७२ टक्के, तर बकलनंतर ५३ टक्के होते.

टोरंटोत १७६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गॅसचा बुडबुडा आणि विट्रेक्टॉमी समोरासमोर होत्या. पहिल्याच प्रयत्नात पडदा बसण्याचे प्रमाण विट्रेक्टॉमीत ९३ टक्के, तर बुडबुड्यात ८१ टक्के होते. पण वर्षभरानंतरची दृष्टी बुडबुड्याच्या गटात थोडी चांगली होती आणि सरळ रेषा वाकड्या दिसण्याची तक्रारही कमी होती. म्हणजे पडदा बसणे आणि चांगले दिसणे ही दोन मोजमापे नेहमी एकाच दिशेने जात नाहीत.

प्रत्येक पद्धतीची किंमतही वेगळी. बकलमुळे चष्म्याचा मायनस नंबर वाढू शकतो, काहींना एकाचे दोन दिसते. विट्रेक्टॉमीनंतर नैसर्गिक भिंग असलेल्यांना, विशेषतः पन्नाशीपुढे, मोतीबिंदू लवकर होतो. डोळ्यात गॅस असेपर्यंत विमानप्रवास वर्ज्य असतो, कारण उंचीवर गॅस प्रसरण पावून डोळ्यातील दाब धोकादायक पातळीवर जातो. तरुण रुग्ण, जेली अजून घट्ट, छिद्र कडेला असेल तर बकल, मोतीबिंदू काढलेला असेल, छिद्रे अनेक असतील किंवा रक्तस्राव असेल तर विट्रेक्टॉमी, वरच्या बाजूला एखादेच छिद्र असेल तर बुडबुडा, असा साधारण कल असतो. थोडक्यात छिद्र कुठे आहे, किती आहेत आणि ओढ कशी आहे यावर निवड ठरते. गोनँ शस्त्रक्रियेपूर्वी कागदावर जो नकाशा काढत, त्यातील प्रश्न हेच होते.

गोनँ यांची आठवण आज कशी उरली आहे?

लोझानमधील नेत्ररुग्णालय आज ज्यूल गोनँ यांच्या नावाने ओळखले जाते. नेत्रशास्त्रातील सर्वोच्च सन्मानांमध्ये गणले जाणारे गोनँ पदक दर चार वर्षांनी दिले जाते. पडद्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना १९५९मध्ये लोझानमध्ये स्थापन झाली, तिचे नावही क्लब ज्यूल गोनँ.

सामान्य रुग्णासाठी मात्र महत्त्वाचा आहे तो वेळ. पडद्याच्या मध्यभागी असलेला पीतबिंदू वाचनाची, चेहरे ओळखण्याची बारीक नजर देतो. तो सुटण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर जवळपास पूर्वीइतकी दृष्टी राहू शकते. तो सुटल्यावर पडदा बसवता येतो, पण बारीक नजर पूर्ण परत येईलच असे नाही आणि उशीर होईल तशी शक्यता घटत जाते. या आजारात डोळा दुखत नाही, लालही होत नाही, शिवाय दुसऱ्या डोळ्याने नीट दिसत असते. त्यामुळे रुग्ण काही दिवस वाट पाहतात. अचानक वाढलेले ठिपके, प्रकाशाच्या चमका किंवा कडेने येणारी सावली यांपैकी काहीही जाणवले तर त्याच दिवशी बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडद्याची तपासणी करून घ्यावी, असे नेत्रतज्ज्ञ सांगतात. छिद्र त्या टप्प्यावर सापडले तर काही मिनिटांच्या लेझरने काम भागते. गोनँ यांच्या काळातील रुग्णाला ही संधी नव्हती.